पार्ट टूला कोड थ्री

आमच्या कामात जुनं ड्रॉइंग फेकून द्यायची सोय नसते. नवी रिव्हिजन आली, ती मंजूर झाली, की जुन्या कागदावर लाल शिक्का मारायचा, 'सुपरसीडेड'. म्हणजे याची सद्दी संपली. मग तो कागद कपाटात ठेवून द्यायचा, उद्या कोणी विचारलं तर दाखवायला. कतारमध्ये रास लफानला एका कोरियन कंत्राटदाराच्या साइट ऑफिसात मी सहा वर्षं डॉक्युमेंट कंट्रोलर होतो. गॅस प्लांटची हजारो ड्रॉइंग्ज आणि माझ्या हातात तो एक शिक्का! कपाटं भरली, मग एक अख्खी पोर्टाकॅबिन भरली.

किश्शांचंही तसंच होतं बघा. साठत जातात, आणि फेकवत एकही नाही. वसईला आलो की दोस्तमंडळी विचारतात, "काय डाबरे, अरबस्तानातून काय आणलंस?" सोनं काही फार आणलं नाही. हे एवढं आहे. आणि यातल्या प्रत्येक किश्शात हसं माझंच झालेलं असल्यामुळे सांगायला कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही!

*

सुरुवात माझ्याच तोंडाने केली. ऑफिसातल्या पहिल्याच दिवशी किम भेटला. पाइपिंग इंजिनीअर, वय सत्तावीस, जाड चष्मा, आणि बोलताना मान लववायची सवय. शेजारच्या टेबलावर अन्वर मुकादम, आपल्या म्हसळ्याचा, ड्राफ्ट्समन. अन्वरने मला चहा दिला आणि किमने विचारलं, "मिस्टर डाबरे, हॉबी?"

वाचन म्हणालो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं. पण किमच्या खुर्चीमागे भिंतीवर एका कॉम्प्युटर गेमचं पोस्टर होतं आणि ते मी ओळखलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी वसईत नवेनवे सायबर कॅफे निघाले तेव्हा आम्ही तोच गेम खेळायचो. अंतराळातल्या कुठल्याशा ग्रहावर वस्ती उभारायची, मजुरांना खाणीवर लावायचं, त्यातून सैन्य तयार करायचं आणि समोरच्याची वस्ती जमीनदोस्त करायची. शेवटची इमारत पडली की तो हरला.

"आय प्ले," मी म्हणालो. तेवढ्यावर थांबावं की नाही? पण नाही. "आय वॉज चॅम्पियन ऑफ वसई!"

आता ही चॅम्पियनशिप म्हणजे काय, तर माझे दोन मावसभाऊ आणि कॅफेवाल्याचा मेहुणा. मेहुण्याचा एक हात तर तेव्हा प्लास्टरमध्ये होता! पण किमला बिचाऱ्याला वसईची काय माहिती? त्याने सगळ्या हॉलला कोरियनमध्ये काहीतरी सांगितलं आणि कामात बुडालेल्या सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या.

जेवणाच्या सुट्टीत माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती. मागे बघ्यांची रांग. विभागप्रमुख पार्क साहेबसुद्धा आले. त्यांना सगळे 'बुजांगनिम' म्हणत, म्हणजे आपल्याकडचे मोठे साहेब. समोरच्या कॉम्प्युटरवर किम. यल्ला, सुरू!

चार मिनिटं. चार मिनिटांत माझी वस्ती साफ झाली. मी अजून मजुरांना कामं वाटत होतो.

कोणी हसलं नाही, हे त्याहून वाईट. किम उठून माझ्याजवळ आला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मिस्टर डाबरे, माऊस ब्रोकन?"

थट्टा नव्हती हो! त्याची खरोखर तशी समजूत झाली होती. त्याने आयटीवाल्याला बोलावून माझ्यासाठी नवा माऊस मागवला. दुसऱ्या दिवशी नव्या माऊसवर मी साडेतीन मिनिटांत हरलो. तेव्हापासून ऑफिसात काहीही बिघडलं, एसी, झेरॉक्स मशीन, अगदी स्वतःचं पोट, तरी अन्वर म्हणायचा, "डाबरे, माऊस बदलून बघ."

*

कोरियन ऑफिसात बाराला दिवे बंद होतात. दहा मिनिटांत जेवण उरकतं. मग त्या अंधारात अर्धे लोक टेबलावर डोकं टेकून झोपतात आणि अर्धे गेम खेळतात. बोलायचं नाही, ओरडायचं नाही. फक्त की-बोर्डचा आवाज, पत्र्यावर चणे ओतावेत तसा. हरणाऱ्याने शेवटी दोन अक्षरं टाइप करायची, 'जीजी', म्हणजे 'गुड गेम', आणि निमूटपणे बाहेर पडायचं. पहिली 'जीजी' हरणाऱ्याने म्हणायची, जिंकणाऱ्याने कधीही नाही. हा शिष्टाचार मोडणाऱ्याला ते लोक वाळीत टाकतील. मला मात्र त्या दोन अक्षरांची इतकी प्रॅक्टिस झाली की ती मी डोळे मिटून टाइप करायचो.

एकदा क्लायंटकडचा एक गोरा इन्स्पेक्टर न सांगता आला, ऐन साडेबाराला. दार उघडून त्याने आत पाहिलं. मिट्ट अंधार, आणि त्यात कडकड कडकड टायपिंग! तो पाय न वाजवता परत गेला. दोन दिवसांनी त्याची ईमेल आली. जेवणाच्या सुट्टीतही वीज वाचवून अंधारात काम करणारा स्टाफ मी माझ्या उभ्या कारकिर्दीत पाहिला नाही, वगैरे वगैरे.

पार्क साहेबांनी ती ईमेल छापून नोटीस बोर्डावर लावली. मग मला केबिनमध्ये बोलावलं.

"मिस्टर डाबरे, क्लायंट पुन्हा येईल. तुमचा आवाज फार सावकाश येतो. प्लीज, फास्टर!"

*

किमने मला शिकवायचं मनावर घेतलं. एक अख्खा आठवडा तो माझ्यामागे खुर्ची टाकून बसला, डॉक्टर पेशंटला तपासतो तसा. वहीत काहीबाही लिहायचा. शुक्रवारची सुट्टी आली तेव्हा त्याचं निदान तयार झालं.

"मिस्टर डाबरे, तुमचं गाव फार सुंदर असतं. रस्ते सरळ, घरं एका ओळीत. ड्रॉइंगसारखं."

मी खूश झालो.

"पण सोल्जर नाही," तो म्हणाला.

खरंच नव्हते! काय करणार, वसईचा माणूस मी. जागा मिळाली की आधी कुंपण, मग विहीर, मग ओळीने झाडं. लढायचं कुठे सुचतंय? अल वक्राला घरी आलो आणि बायकोला ही गंमत सांगितली. मॉनिका नर्स आहे, दिवसभर पेशंटची तोंडं बघून येते, तिला कशाचं लवकर हसू येत नाही. ती म्हणाली, "तिथे एवढं सुंदर गाव बांधतोस, इथे बाथरूमची कडी सहा महिने लटकतेय."

*

आता मूळ मुद्द्यावर येतो. माझी एकच इच्छा होती. एकदा, फक्त एकदा, एका कोरियन माणसाने माझ्यासमोर 'जीजी' टाइप करावं. किमने, चौकीदाराने, कोणीही! दोन वर्षं मी रोज हरत होतो आणि रोज वाटायचं, उद्या.

अशात एका सकाळी इंटरनेटवर बातमी वाचली. त्या गेमचा पार्ट टू येणार! नवीन चित्रं, नवीन सैन्य, नवीन डावपेच. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नवीन गेम म्हणजे सगळे शून्यावर! किमची दहा वर्षांची तालीम पाण्यात. तो आणि मी एकाच रेषेवर. मी तर चहासुद्धा न पिता कामाला लागलो.

मला वाटलं, ही मंडळी नाचतील. जुन्यावर एवढा जीव, तर नव्यावर केवढा असेल! पार्ट टूचं चित्र मी रंगीत छापलं आणि नोटीस बोर्डावर लावलं. मग हातासरशी, सवयीने म्हणा, उत्साहाने म्हणा, किमच्या खुर्चीमागच्या पोस्टरवर लाल शिक्का मारला. 'सुपरसीडेड'. कोपऱ्यात नाही, बरोब्बर मधोमध!

बाराला दिवे बंद झाले. की-बोर्ड वाजेना. म्हटलं झालं काय? बघतो तर सगळे त्या पोस्टरसमोर उभे. जिवंत माणसाच्या फोटोला हार घातलेला बघून घरच्यांचे चेहरे होतील, तसे एकेकाचे चेहरे.

अन्वर माझ्या कानात म्हणाला, "डाबरे, खलास! आता माऊस नको, देश बदल."

पार्क साहेबांनी बोलावलं. मला वाटलं, ऑफिसात गेमचा धुडगूस घालतो म्हणून रागावणार. पण साहेबांनी समोर माझीच प्रोसीजर उघडून ठेवली होती, डॉक्युमेंट कंट्रोलची, मीच लिहिलेली.

"नवी रिव्हिजन आली?" त्यांनी विचारलं.

"नो सर. फक्त बातमी आली."

"ती मंजूर झाली?"

"नो सर."

"मग शिक्का?"

नवी मंजूर झाल्याशिवाय जुनी रद्द करायची नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा. आणि तो मी पोस्टरवर विसरलो. साहेबांनी माझ्या नावाने रीतसर एनसीआर काढला. कामात चूक झाली की जो कागद निघतो तो. चुकीचं कारण या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'अतिआनंद'. आणि उपाय या रकान्यात, 'संबंधित कर्मचाऱ्याला प्रोसीजरचं पुन्हा प्रशिक्षण द्यावं'.

साइटवर ते प्रशिक्षण देणारा माणूस एकच होता, मी. तेव्हा गुरुवारी दुपारी दोन ते तीन मी मला शिकवलं, आणि हजेरीच्या कागदावर दोन्हीकडे सही केली.

*

पण साहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. म्हणाले, रिव्हिजनची बातमी आलीच आहे तर रीतसर रिव्ह्यू होऊ दे. आमच्याकडे कुठलंही ड्रॉइंग आलं की सगळे विभाग त्यावर कमेंट लिहितात, आणि शेवटी प्रमुख एक कोड देतो. कोड वन म्हणजे मंजूर. कोड टू म्हणजे मंजूर, पण सुधारणा करा. कोड थ्री म्हणजे नामंजूर, नव्याने करून आणा. आणि दुरुस्ती झाली की त्या कमेंटपुढे 'क्लोज्ड' लिहायचं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी पार्ट टूचा व्हिडिओ चार वेळा पाहिला. प्लांटच्या बॉयलरसाठी एवढे डोळे ताणलेले मी पाहिले नव्हते! कमेंट गोळा करायचं काम अर्थात माझं. शीट अजून आठवते.

'रंग फार. डोळे दुखतात.'

'मजूर आपोआप खाणीवर जातात. मग खेळणाऱ्याने काय करायचं?'

'जुन्यात एका वेळी बाराच सैनिक निवडता येत. नव्यात सगळे एकदम. मग हाताच्या कौशल्याचं काय?'

'जुना अजून संपलेला नाही. नवा कशाला?'

या शेवटच्या मुद्द्यावर मी किमशी वाद घातला. म्हटलं, अरे, नवीन मोबाइल घेता, नवीन गाडी घेता, मग नवीन गेम का नको? तो म्हणाला, "मिस्टर डाबरे, बुद्धिबळाचा पार्ट टू कोणी काढला का?" मी कॅरमचा विचार करून पाहिला आणि कमेंट उतरवून घेतली.

अन्वरने लिहिलं, 'नो ऑब्जेक्शन'. तो गेम खेळायचाच नाही.

चौदाव्या नंबरची कमेंट किमच्या अक्षरात होती. 'सगळंच फार सोपं केलं आहे. अशाने मिस्टर डाबरेसुद्धा जिंकतील.'

खाली अकराजणांच्या सह्या, 'सहमत'! पार्क साहेबांनी वर लाल पेनाने कोड थ्री दिला.

"सर, हे पाठवायचं कुठे?" मी विचारलं.

"फाइल," साहेब म्हणाले.

*

पार्ट टू लांबत गेला. आज येणार, उद्या येणार, पुढच्या वर्षी येणार. आमचे कोरियन म्हणजे एक वेल्डिंग दोन दिवस उशिरा झालं तर जेवण न जाणारी माणसं. पण पार्ट टू पुढे ढकलल्याची बातमी आली की मेसमध्ये झिंदाबाद! त्या दिवशी वाट्याला जास्तीचे नूडल्स. उशीर झाला म्हणून आनंदलेले कोरियन मी तेवढ्यापुरतेच पाहिले.

आणि त्या अख्ख्या मेसमध्ये मी एकटा तोंड पाडून नूडल्स खात असे.

*

एकदा न राहवून किमला म्हटलं, "तू घाबरतोस. पार्ट टू आला की सगळे शून्यावर, म्हणून घाबरतोस. तू पण शून्य, मी पण शून्य!"

तो हसला नाही. म्हणाला, "माय फादर ऑलसो."

मग त्याने सांगितलं. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या मंदीत त्याच्या वडिलांची नोकरी गेली. घरी सांगितलंच नाही. रोज सकाळी सूट, टाय, बॅग घेऊन निघायचे आणि संध्याकाळी परत यायचे. किम तेव्हा कॉलेजात. एक दिवस कॉलेज बुडवून तो गेमच्या दुकानात गेला, तर कोपऱ्यातल्या खुर्चीत वडील! सूट घातलेले, टाय बांधलेला, आणि समोर हा गेम. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वडिलांनी शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाले, बस.

"तेव्हा त्यांनी मला हा शिकवला," किम म्हणाला. "घरी आम्ही दोघांनी काहीच सांगितलं नाही. आता ते साठ वर्षांचे आहेत. दर शुक्रवारी आम्ही ऑनलाइन खेळतो. नवीन गेम त्यांना जमणार नाही. सगळे नव्यावर गेले तर फादर कोणाशी खेळणार?"

मला त्या लाल शिक्क्याची लाज वाटली. फार वाटली. त्या दिवशी बसमध्ये अन्वर अल नस्रला उतरेपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. त्याने एकदा म्हणून पाहिलं, "माऊस?" पण माझा चेहरा बघून तो खिडकीकडे वळला.

*

प्लांट सुरू करायची वेळ जवळ आली आणि किमला शुक्रवारीही ड्यूटी लागली. एक दिवस तो माझ्या टेबलाशी येऊन मान लववून उभा राहिला. "मिस्टर डाबरे, एक विनंती. शुक्रवारी तुम्ही फादरशी खेळाल?" माझी सगळी कीर्ती, माऊससकट, त्याने वडिलांना आधीच सांगितली होती.

मला भरून आलं. घरी येऊन मॉनिकाला म्हटलं, "म्हातारा माणूस आहे. मी ठरवलंय, त्यांना जिंकू द्यायचं."

ती म्हणाली, "हरायला तुला ठरवायला कधीपासून लागलं?"

शुक्रवारी सकाळची चर्चमधली मिस्सा आटपून घरी आलो आणि बारा वाजता बसलो. तिकडे संध्याकाळचे सहा. पाच मिनिटांत खेळ संपला. माझा उदारपणा दाखवायची वेळच आली नाही! मी 'जीजी' टाइप केलं. तिकडून इंग्रजीत उत्तर आलं, "थँक यू. ईट वेल."

मग दर शुक्रवारी तसंच. हरायचं, 'जीजी' म्हणायचं, आणि मग त्यांची दोन वाक्यं वाचायची. "दोहा हॉट?" "वाइफ गुड?" "स्लीप वेल." त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मला कोरियन, पण आमचं छान चाललं होतं.

आणि एक दिवस पार्ट टू खरोखरच आला.

कोड थ्री देणारे माझे अकरा शूर! आठवड्याभरात अंधारातून नवीनच आवाज यायला लागले. बघतो तर सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर पार्ट टू. मी कमरेवर हात ठेवून किमच्या मागे उभा राहिलो. तो दचकला.

"ओन्ली चेकिंग," तो म्हणाला. "आमच्या कमेंट क्लोज झाल्या का, ते बघतोय."

मग मीही बसलो. शेवटी आला होता माझा दिवस! सगळे शून्यावर, किम शून्यावर, मी शून्यावर. सहा मिनिटांत हरलो. किमने कपाटातून ती जुनी शीट मागवली, चौदा नंबरपुढे पेनाने लिहिलं, 'तपासलं. मिस्टर डाबरे जिंकू शकत नाहीत. कमेंट क्लोज्ड', आणि खाली तारीख घातली.

माझ्या आशेचा निकाल लागला. पण मला काळजी लागली ती किमच्या वडिलांची. सगळे नव्यावर गेले, आता जुन्यावर त्यांना माझ्याशिवाय कोण? मी एकही शुक्रवार चुकवला नाही. अल नस्रला अन्वरच्या घरी बिर्याणी होती, गेलो नाही. समुद्रावर पिकनिक होती, गेलो नाही. मॉनिका वैतागली. मी म्हटलं, "म्हाताऱ्याला कोणी नाही गं." मग ती निवळली. उलट बाराच्या आधी माझ्या बाजूला लिंबू सरबत आणून ठेवायला लागली.

काम संपलं आणि किम परत जायला निघाला. निरोप घ्यायला आला तेव्हा ते शिक्का मारलेलं पोस्टर गुंडाळून त्याच्या काखेत होतं. म्हटलं, "आता काळजी नाही. तू घरी जातोयस, फादरशी तूच खेळ."

किमने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मिस्टर डाबरे, सॉरी. फादरनी पार्ट टू पहिल्याच दिवशी घेतला. रोज खेळतात. माझ्यापेक्षा चांगलं खेळतात. गल्लीतल्या रिटायर लोकांची टीम आहे."

मी थक्क! "मग शुक्रवारी जुना कशाला?"

किम मान खाली घालून म्हणाला, "ते म्हणतात, सगळे नव्यावर गेले. मिस्टर डाबरेंना कोणी नाही. ते एकदा जिंकेपर्यंत मी थांबतो."

पुढच्या शुक्रवारी बाराला बसलो. मॉनिकाला सुट्टी होती, ती मागे येऊन उभी राहिली. खेळ सुरू झाला. पाच मिनिटं झाली, कोणी आलं नाही. दहा झाली, तरी नाही. मी भीत भीत माझे सात सैनिक पाठवले. बघतो तर तिकडे सुंदर गाव! रस्ते सरळ, घरं एका ओळीत. आणि सोल्जर एकही नाही.

एकेक घर पडत गेलं. वसई सोडल्यापासून पहिल्यांदा मी जिंकत होतो. शेवटची एकच इमारत उरली.

"अरे, मार की!" मॉनिका ओरडली.

माझं बोट माऊसवर होतं. ते मी उचललं आणि डोळे मिटून टाइप केलं, 'जीजी'.

मी बाहेर पडणार एवढ्यात स्क्रीनवर अक्षरं उमटली.

"माऊस ब्रोकन? चेंज. नेक्स्ट फ्रायडे."